सासूबाईंच्या सपाता

आमच्या ह्यांना घोड्याची भीती वाटते. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की हा माणूस रोज सकाळी खोगीर टाकूनच कामावर जातो. एकदा बागेत लहान मुलांना फिरवतात त्या तट्टाबरोबर फोटो काढायचा होता, तर ह्यांनी तट्टाच्या आणि स्वतःच्या मध्ये मला उभं केलं. फोटोत तट्टू शांत आहे, मी हसते आहे आणि ह्यांचा फक्त एक कान दिसतो.

पण आमच्या बाहेरच्या खोलीत आलात तर तुम्हाला वेगळंच वाटेल. दिवाणाच्या वर अमेरिकेचा जुना नकाशा आहे आणि त्यावर मिसूरी नदीपासून पार पश्चिमेच्या समुद्रापर्यंत लाल दोरा टाचण्यांनी ताणलेला आहे. पावणेदोनशे वर्षांपूर्वी कापडाचं छत घातलेल्या गाड्यांचे तांडे त्या वाटेनं गेले. त्या गाड्या घोड्यांनी नाही, बहुतेक करून बैलांनी ओढल्या, हे आमच्याकडे चहा प्यायला आलेल्या प्रत्येकाला ऐकावं लागतं. त्या वाटेवरची जमीन काही रिकामी पडलेली नव्हती, तिथे आधीपासून माणसं राहत होती आणि त्यांना हुसकून लावलं, हेही हे सांगतात, पण ते सांगताना आवाज खाली येतो आणि पुस्तक मिटतात. नकाशाखाली रेकॉर्डांची खोकी. सगळं जुनं रॉक. ज्यात गिटार किंचाळते, ढोल बडवले जातात आणि गाणारा माणूस कुणाशी तरी भांडत असल्यासारखा गातो, ते.

हे दोन नाद एकाच दिवशी लागले. लग्नाआधी, कामाला नुकते लागले असताना फुटपाथवर ह्यांना एक रेकॉर्ड दिसली. कव्हरवर उजाड माळ आणि त्यावर मोडकी एकच गाडी, बाकी काही नाही. गाणी कसली आहेत ते न बघता ह्यांनी ती त्या चित्रासाठी घेतली. घरी आणून लावली तर डोक्याचे केस उभे राहिले म्हणे, आणि मग ती गाडी तिथे कुणी सोडली हे शोधायला वाचनालयात गेले. तेव्हापासून एक कान रॉककडे आणि एक डोळा त्या माळाकडे, असा आमचा संसार चालला आहे.

ह्यांचं काम मात्र अगदी नाजूक. चष्म्याच्या दुकानात पुढे गिऱ्हाईक आरशात तोंड बघत फ्रेम निवडतं आणि मागच्या खोलीत हे काच घासून त्या फ्रेमला बसवतात. आधी काचेवर पेनानं ठिपके देतात, ठिपके एका रेषेत आले की मगच काच चाकावर जाते. रेषा जरा हुकली तर माणसाला सरळ जिना वाकडा दिसतो. दुकानातले लोक ह्यांना शेरीफ म्हणतात, कारण उन्हात जाताना हे काउबॉय सिनेमातल्यासारखी रुंद काठाची तपकिरी टोपी घालतात. टोपीखाली चष्मा आणि चष्म्याखाली चेहरा असा, की कुणीही येऊन पत्ता विचारावा.

सासूबाई आमच्याजवळच. एका दवाखान्याच्या स्वयंपाकघराच्या त्या मुख्य होत्या आणि त्यांच्या हाताखाली कुणी भांडं आपटलेलं त्यांना खपत नसे. ह्यांची रेकॉर्ड लागली की आतून आवाज यायचा, "बाळ, भांडी आपटू नकोस." हे आवाज कमी करायचे, थोड्या वेळानं हळूच वाढवायचे, पुन्हा आतून तेच. मायलेकांचं इतकी वर्षं चाललेलं दुसरं कुठलं संभाषण मला आठवत नाही.

मग सासूबाई विसरायला लागल्या. आधी नावं गेली, मग दिवस गेले आणि एके दिवशी न्हाणीघर कुठे आहे तेच गेलं. उठल्या की स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहायच्या आणि मग रडायच्या. आम्ही दारांवर चित्रं लावली, दिवे लावून ठेवले. काही उपयोग झाला नाही. तेव्हा ह्यांना त्या गाड्यांचं काहीतरी आठवलं. मुक्काम पडला की तांड्याचा म्होरक्या म्हणे गाडीची दांडी ध्रुवताऱ्याकडे वळवून ठेवायचा. सकाळी आभाळ भरलेलं असलं तरी दिशा हाताशी राहायची. ह्यांनी सासूबाईंसाठी लाल मखमली सपाता आणल्या आणि रोज त्यांना निजवल्यावर पलंगाशी गुडघे टेकून त्या सपाता ठेवायला लागले, तोंडं बरोबर न्हाणीघराकडे. "आई, सपाता जिकडे बघतात तिकडे जायचं," एवढंच रोज सांगायचे.

मी हसले होते. नंतर हसू गिळावं लागलं, कारण सगळं विसरणाऱ्या सासूबाईंच्या डोक्यात तेवढं एक मात्र घट्ट रुतून बसलं. जेवायच्या वेळी सपाता टेबलाकडे, उन्हाला बसायच्या वेळी मागच्या ओट्याकडे. एकदा त्या तशाच पुढे जात राहिल्या आणि भिंतीवर कपाळ आपटलं, तेव्हा ह्यांनी दुसरा नियम घातला. भिंत आली की थांबायचं, मी येतो. तोही त्यांनी पाळला. मी घरी पडदे शिवून देते. कधीकधी शिवणयंत्रावरून मान वर करून बघायची, तर सासूबाई कपाटासमोर शांत उभ्या असायच्या, हे येऊन वळवतील म्हणून.

हे सगळं नणंदबाईंना माहीत नव्हतं. ह्यांनी फोनवर सांगायला सुरुवात केली होती, पण "अमेरिकेत तांडे असायचे ना" इथपर्यंत पोचल्यावर नणंदबाईंना दुसरा फोन आला. त्या मुलींच्या एका मोठ्या वसतिगृहाच्या रेक्टर आहेत. सडसडीत, वेळेच्या पक्क्या, आणि मनानं वाईट मुळीच नाहीत, पण कुठल्याही खोलीत शिरल्या की आधी खोली सरळ करतात, मग बसतात. त्या शनिवारी संध्याकाळी आल्या त्या ठरवूनच. त्यांच्या वसतिगृहाजवळ वृद्धांसाठी एक घर आहे, तिथे जागा झाली होती आणि सोमवारी सकाळी गाडी येणार होती. आईला न्यायचं.

ह्यांनी आईला इथली सवय आहे असं म्हणून बघितलं. नणंदबाई म्हणाल्या की सवय असती तर आईनं मला ओळखलं असतं. खरं होतं. सासूबाईंनी दारातच मला विचारलं होतं की ह्या बाई कोण. नणंदबाईंनी ते ऐकलं आणि पिशवी खाली ठेवायला जरा जास्तच वेळ लावला. त्यानंतर ह्यांना फार बोलता आलं नाही. थोरल्या बहिणीपुढे हे अजून चौथीतच आहेत.

रविवारी सकाळी नणंदबाईंनी घर सरळ केलं. डबे उतरत्या भाजणीनं लागले, माझ्या पडद्यांच्या कापडाचे तागे रंगाप्रमाणे उभे राहिले आणि दारातल्या स्टँडवर सगळ्यांच्या चपला जोडीनं बसल्या, तोंडं बाहेर. वसतिगृहाचा नियमच तो. आग लागली तर मुलींनी पाय घालायचे आणि पळायचं, चपला वळवत बसायचं नाही. दुपारी आज आईला मीच निजवते म्हणाल्या. आत बराच वेळ त्यांचा हळू आवाज येत होता. मला वाटतं त्या आपलं नाव सांगत होत्या. मग त्याही शेजारच्या खाटेवर आडव्या झाल्या.

मी पलीकडच्या इमारतीत पडदे लावून द्यायला गेले. परत आले तर बाहेरचं दार सताड उघडं. हे दाराकडे पाठ करून दिवाणावर बसलेले, कानांवर हेडफोन, डोळे मिटलेले आणि बोटं गुडघ्यावर ढोल वाजवताहेत. ताई आत झोपली आहे म्हणून आवाज नको, एवढा विचार ह्यांनी केला होता. मी आत गेले. नणंदबाई झोपलेल्या, सासूबाईंचा पलंग रिकामा. न्हाणीघर, स्वयंपाकघर, मागचा ओटा, कुठेच नाहीत. मी बाहेर येऊन ह्यांच्या कानांवरचे हेडफोन ओढून काढले. त्यातून बारीक आवाजात ढोल वाजतच होते.

"आई कुठेत?"

हे उठले. रेकॉर्डची सुई त्यांनी उचलली नाही, यावरूनच मला कळलं की ह्यांच्या पायाखालची जमीन सरकली आहे. सुई अशी सोडून हे कधी उठलेले नाहीत.

आमचं घर गल्लीच्या शेवटी आडवं आहे. दारात उभं राहिलं की अख्खी गल्ली सरळ समोर दिसते आणि तिच्या टोकाला मोठा रस्ता. रविवारची दुपार, दुकानं बंद, गल्लीत चिटपाखरू नाही. तोवर नणंदबाई उठून आल्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मी झोपले होते, बाळ," त्या म्हणाल्या. "तू जागा होतास."

पुढे मग सगळं नणंदबाईंच्या हुकमानं झालं. आई काल रात्रीपासून घरी जायचंय, घरी जायचंय म्हणत होती, अशी माणसं जुन्या घराच्या वाटेला लागतात, त्यांच्याकडच्या एका स्वयंपाकीणबाईची आईही तशीच सापडली होती. जुनं घर पुलापलीकडे. त्यांनी टॅक्सी थांबवली आणि ह्यांना दंडाला धरून आत बसवलं. आई परत आली तर दारात कुणी हवं म्हणून मी मागे राहिले. टॅक्सी गेली आणि घरात सुईची खरखर ऐकू यायला लागली. रेकॉर्ड संपून नुसतीच फिरत होती. मी ती बंद केली आणि पोलिसांना फोन लावला.

फोनवरचा माणूस शांतपणे एकेक विचारत होता. वय सांगितलं. उंची सांगितली. निळ्या फुलांचा गाऊन, केस पांढरे, आखूड कापलेले. पायात काय आहे, त्यानं विचारलं. मी म्हटलं थांबा, बघते. पलंगाशी सपाता नव्हत्या. पलंगाखाली नव्हत्या. न्हाणीघराच्या दारात नव्हत्या. मग दारातल्या स्टँडपाशी आले. ह्यांचे बूट, माझ्या चपला, नणंदबाईंच्या सँडल, सगळी तोंडं बाहेर, आणि त्यांच्या शेवटी उंबऱ्याला लागून एक जोडी मावेल एवढी रिकामी जागा.

पायात लाल सपाता, एवढं सांगून मी पोलिसांचा फोन ठेवला. नणंदबाईंनी सासूबाईंना निजवलं होतं. सपाता काढून त्यांनी त्यांच्या जागी, म्हणजे त्यांच्या मते जी जागा, तिथे नेऊन ठेवल्या होत्या. सासूबाई उठल्या असतील, पायाशी चाचपडल्या असतील, अनवाणी शोधत ह्यांच्या पाठीमागून दारापर्यंत आल्या असतील. आणि तिथे सपाता त्यांची वाट बघत होत्या.

मी ह्यांना फोन केला. एका दमात सगळं सांगितलं. पलीकडे टॅक्सीचा आवाज येत होता आणि नणंदबाई कुणाला तरी डावीकडे घ्या म्हणत होत्या.

"तोंडं कुठे होती?" ह्यांनी विचारलं.

"दाराकडे. बाहेर."

"मग ती सरळ गेली," हे म्हणाले. "भिंत येईपर्यंत जाईल. तू निघ, मी आलो."

मी दार उघडं टाकून निघाले. उंबऱ्यावर एक क्षण थांबून समोर बघितलं. आमच्या दारापासून मोठ्या रस्त्यापर्यंत एकही भिंत नाही. गल्ली तशीच रस्त्याला मिळते आणि त्या रस्त्यावरून रविवारीसुद्धा अवजड गाड्या धावत असतात. मी धावत सुटले. मला धावायची सवय नाही, गुडघे दुखतात, पण त्या दिवशी ते कुणाचे तरी दुसऱ्याचे होते. एकच एक विचार डोक्यात फिरत होता की रस्ता म्हणजे भिंत नाही, त्या थांबणार नाहीत.

गल्लीच्या टोकाशी पोचले तेव्हा एक ट्रक समोरून गेला, मागे धूळ उठली. धूळ खाली बसल्यावर रस्त्याच्या मधोमध, दुभाजकाच्या फटीपाशी मला काहीतरी लाल दिसलं. सपात होती ती. एकच. त्या काही क्षणांबद्दल मला फारसं सांगता येणार नाही. मी हात वर करून, गाड्यांकडे न बघता मध्ये गेले. कुणीतरी शिवी दिली. सपात उचलली. ती चिरडलेली नव्हती, नुसती धुळीनं माखली होती. आजूबाजूला दुसरं काही नव्हतं. मी रस्त्याकडे पुन्हा पुन्हा बघितलं, काही नव्हतं.

पलीकडच्या कडेला टॅक्सी थांबली आणि हे उतरले, एकटेच. नणंदबाई दुसऱ्या टॅक्सीनं जुन्या घराकडे पुढे गेल्या होत्या, कारण तेही बघायला हवंच होतं. ह्यांना माझ्या हातातली सपात दिसली आणि हे जागच्या जागी थांबले. मी तिथूनच मान हलवली, नाही म्हणून, तसं काही नाही म्हणून. मग माझ्या डोक्यावरून त्यांनी आमच्या गल्लीकडे बघितलं, आमच्या दाराकडे, आणि दारापासून रस्ता ओलांडून समोरच्या बाजूपर्यंत नजर अशी नेली, जशी काचेवरच्या ठिपक्यांवरून नेतात. नजर संपली तिथे ट्रक उभे करायच्या तळाचं उघडं फाटक होतं.

आत रांगांनी ट्रक उभे होते आणि पार मागे पाणी उपसायच्या केंद्राची उंच भिंत. भिंत दिसल्यावर मला रडू आलं. हे फाटकातून सरळ रेषेत चालायला लागले, डावीकडे उजवीकडे न बघता, आणि मी मागे. डिझेलचा वास, जमिनीवर तेलाचे काळे डाग. मधल्या एका ट्रकचं इंजिन चालू होतं आणि त्याच्या केबिनमधून गाणी इतकी मोठ्यानं वाजत होती की आपलंच बोलणं ऐकू येऊ नये. त्या ट्रकची मागची बाजू भिंतीकडे होती. ट्रक आणि भिंत यांच्यामधल्या पट्टीत, भिंतीकडे तोंड करून, निळ्या फुलांचा गाऊन घातलेली एक बाई शांत उभी होती. एका पायात सपात, एक पाय अनवाणी.

मी हाक मारली. त्या गाण्यांत माझी हाक मलाही ऐकू आली नाही. तेवढ्यात ट्रक मागे जायला लागला.

हा माणूस तट्टासमोर बायकोला उभा करतो, हे मी तुम्हाला आधीच सांगितलं आहे. हा माणूस ट्रकच्या मागे धावला. धावता धावता ट्रकच्या पत्र्यावर दोन्ही मुठी हाणत गेला, धडाधड, टोपी पडली, चष्मा पडला, तरी हाणत गेला, आणि शेवटी ट्रकच्या मागच्या फळ्यांच्या आणि आईच्या मध्ये शिरून फळ्यांवर थाप मारत राहिला. चाकं करकरली. ट्रक थांबला. फळ्यांमध्ये आणि सासूबाईंच्या पाठीमध्ये एक माणूस मावेल एवढीच जागा राहिली होती आणि त्या जागेत हे उभे होते.

गाणी बंद झाली. सासूबाई वळल्या. उन्हानं चेहरा लाल झाला होता आणि ओठ सुकले होते. "किती वेळ, बाळ," त्या म्हणाल्या. "भिंत कधीची आली." मग ह्यांच्या मुठींकडे बघून म्हणाल्या, "भांडी आपटायला लागलास तेव्हा कळलं आलास ते."

हे त्यांच्या पायाशी बसले आणि मी आणलेली सपात अनवाणी पायात घालायला लागले, पण चष्म्याशिवाय ती पायात जाईना, शेवटी मी घातली. ट्रकवाला खाली उतरला, आम्हाला तिघांना बघितलं आणि तिथेच पायरीवर मटकन बसला. नंतर त्यानंच पाणी आणून दिलं. तो बिचारा तीन तीनदा सांगत होता की आरशात काही दिसलं नाही. ह्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

नणंदबाई संध्याकाळच्या सुमाराला आल्या. जुन्या घराच्या आसपासचा प्रत्येक जिना त्यांनी चढला होता, फोनचं चार्जिंग केव्हाच संपलं होतं. आईला बघून त्यांनी तिचे पाय, हात, कपाळ सगळं चाचपून बघितलं. सासूबाईंनी निमूटपणे बघू दिलं आणि मग मला विचारलं की ह्या बाई कोण. नणंदबाई उठून मोरीत गेल्या आणि बराच वेळ नळ चालू होता. बाहेर आल्या तेव्हा आवाज नेहमीचा होता. आज वाचली, उद्याचं काय, त्यांनी विचारलं. गाडी सकाळी येईल.

माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. सपाता कुणी ठेवल्या तिथे, एवढंच विचारायचं होतं मला. हे माझ्याकडे बघत होते. मी स्वयंपाकघरात गेले, हे मागोमाग आले, आणि मी दबक्या आवाजात ह्यांना चांगलं फैलावर घेतलं, की का गप्प बसता, का सगळं स्वतःवर घेता. हे म्हणाले, "हेडफोन माझ्याच कानांना होते. आणि ताईला कळलं तर ती ते जन्मभर घेऊन बसेल." मला ह्यांचा इतका राग आला की मी चहा सांडला.

मग ह्यांनी बाहेर जाऊन रेकॉर्डांची खोकी सुतळीनं बांधायला घेतली. त्या तांड्यांची माणसं चढावर गाडी अडली की सामान टाकत जायची, हे मी किती वेळा ऐकलं आहे. शेगड्या, पेट्या, आरसे, बैलांना जे ओढवेना ते सगळं वाटेवर राहायचं. त्या फुटपाथवरच्या पहिल्या रेकॉर्डचं खोकं बांधताना ह्यांनी मान वर केली. "ताई, हे सगळं मी काढून टाकतो," हे म्हणाले. "मग राहील का आई इथे?"

नणंदबाई पिशवीत आईचे गाऊन भरत होत्या. प्रश्न त्याचा नाही, असं त्या म्हणाल्या, पण हातातल्या गाऊनची घडी त्यांनी दोनदा मोडली.

सकाळी गाडी आली. सासूबाई पलंगाच्या कडेला दोन्ही हातांनी धरून बसल्या आणि उठायला तयार होईनात. नणंदबाईंनी समजावलं, बाहेर छान ऊन आहे म्हटलं, हात पुढे केला. परक्या बाईचा हात सासूबाई कशाला धरतील. मी प्रयत्न केला. गाडीवाल्यानं हॉर्न दिला. शेवटी नणंदबाई भावाला म्हणाल्या की तुझं ऐकेल, तू सांग, आणि स्वतः पिशवी घेऊन दारात जाऊन उभ्या राहिल्या.

हे पलंगाशी गुडघे टेकून बसले. आदल्या रात्री मी धुऊन वाळवलेल्या सपाता त्यांनी जमिनीवर ठेवल्या, तोंडं दाराकडे. एक जरा तिरकी होती, ती बोटानं सरळ केली. मला बघवेना, पण मी बघितलं.

"आई, सपाता जिकडे बघतात तिकडे जायचं."

सासूबाईंनी लगेच पलंगाची कड सोडली. पाय घातले, उठल्या आणि बाहेरच्या खोलीतून, नकाशाखालच्या बांधलेल्या खोक्यांशेजारून, सरळ दाराकडे चालायला लागल्या. कुणी हात धरला नव्हता. नणंदबाई हे पहिल्यांदाच बघत होत्या. त्यांनी आईच्या पायांकडे बघितलं. मग शेजारच्या स्टँडकडे, जिथे सगळी तोंडं बाहेर होती. मग मागे वळून गल्लीकडे, तिच्या टोकाला धावणाऱ्या गाड्यांकडे. त्यांच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जागेवर बसताना मला दिसत होती आणि रात्रभर मला जे सांगायचं होतं ते आता कुणी सांगू नये असं मला वाटायला लागलं.

"बाळ," त्या म्हणाल्या, "काल दुपारी सपाता इथे मी ठेवल्या होत्या."

हे पलंगाशीच गुडघ्यांवर होते. "हो," हे म्हणाले.

"तुला माहीत होतं?"

सासूबाई दाराशी पोचल्या होत्या. नणंदबाईंनी बाजूला व्हायचं, सासूबाईंनी उंबरा ओलांडायचा, एवढंच राहिलं होतं. गाडीवाल्यानं गाडीचं मागचं दार उघडून धरलं होतं. नणंदबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात दाराच्या चौकटीला लावले. त्या हलल्या नाहीत.

सासूबाई त्यांच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या, अगदी समोर, पदराला नाक लागेल इतक्या जवळ. थोडा वेळ वाट बघितली. मग खात्री झाल्यासारख्या म्हणाल्या, "भिंत आली." आणि हे येतील म्हणून शांत उभ्या राहिल्या.

नणंदबाईंचे गाल भिजले होते, पण हात चौकटीवरून निघाले नाहीत. "बाळ, ये," त्या म्हणाल्या. "भिंत आली."

हे आले, पुन्हा गुडघ्यांवर बसले आणि सासूबाईंनी एकेक पाय उचलून दिला तशा सपाता घराकडे वळवल्या.